खाटेखालचा हुक

"तुझ्याच नळीनं झालंय हे," दादा म्हणाला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत म्हणाला. मी पुण्याहून नुकती पोचले होते, खांद्यावरची बॅगही अजून खाली ठेवली नव्हती. आत बापूंना हुडहुडी भरली होती, अक्काआत्या त्यांच्या अंगावर दुसरी चादर टाकत होती, आणि माझा थोरला भाऊ दारात उभा राहून मला ऐकवत होता.

"डॉक्टर साधी नळी घालत होते. तूच फोनवर नाचलीस. आमच्या कंपनीची घाला, आमच्या नळीत औषध असतं. घातली. आता बघ आत जाऊन. नाव मोठं आणि लक्षण खोटं."

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. पण आतून बापूंचे दात वाजलेले ऐकू आले आणि मी आत गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ते 'तुझ्याच नळीनं' आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

बापू म्हणजे आमचे वडील, दत्ताजी साळोखे. नोकरी वॉटर वर्क्समध्ये पंप चालवायची, पण सांगलीत त्यांना ओळखायचे ते कृष्णेच्या घाटावर पोरांना पोहायला शिकवणारे म्हणून. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, पोराला काखेत धरायचं आणि पायरीवरून थेट पाण्यात. डॉक्टर, वकील, सराफ, गावातली निम्मी मोठी माणसं बापूंच्या काखेतूनच पाण्यात पडलेली. त्याच घाटावर, शेवाळलेल्या पायरीवरून बापूंचा पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. पायाला वजन लावून त्यांना उताणं झोपवलं होतं. हलता येत नव्हतं, म्हणून लघवीला नळी घातली होती.

आणि ती नळी आमची होती, हे खरं. मी तेव्हा पुण्यात अशाच नळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. साध्या नळीच्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, घाटाच्या पायरीवर शेवाळ धरतं तसाच. तो एकदा धरला की बाहेरून दिलेलं औषध त्याच्या आत शिरत नाही. म्हणून आम्ही नळीच्या अंगातच औषध मुरवलं होतं. ते आपलं हळूहळू पाझरत राहायचं, म्हणजे थर धरायलाच नको. या एका गोष्टीत माझी उमेदीची वर्षं गेली होती. ती नळी नुकतीच परवाने मिळून बाजारात आली होती, आणि बापू पडले.

डॉक्टर निंबाळकर फेरीला आले तेव्हा मी त्यांना गाठलं.

"मॅडम, तुमची नळी चांगली असेल, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण लघवीत जंतू निघालेच. बदलली, परत तुमचीच घातली, औषध बदललं. ताप उतरतो, एखादा दिवस बरा जातो, पुन्हा थंडी वाजून चढतो."

"म्हणजे जंतू कुठून तरी पुन्हा येतायत. कारण शोधायला नको?"

"कारण काय शोधायचं? नळी आली की इन्फेक्शन आलंच."

"आलंच म्हणजे? पाहुणा आहे का तो?"

डॉक्टर हसले. मी हसले नाही.

"ऑपरेशन कधी करणार?"

"अंगात ताप असताना मी चीर देणार नाही. हाडात जंतू गेले तर सगळंच हातचं जाईल. ताप गेला की लगेच करू." मग त्यांनी बापूंकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "पण फार लांबलं तर मात्र अवघड आहे. या वयात असं पडून राहिलेलं माणूस परत उभं राहत नाही. मग खाटच."

त्यांनी आवाज खाली आणला खरा, पण बापूंनी ते ऐकलं होतं. ते छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या खोलीत पहारेकऱ्यासारखी बसले. नळीला हात लावण्याआधी जो तो हात धुतोय की नाही ते बघितलं. नळी आणि पिशवीचा सांधा बघितला. खाटेच्या कडेला खाली एक हुक होता, त्याला लघवीची पिशवी लटकवलेली असायची, जमिनीला न टेकता, अगदी असायला हवी तशी. मी दर थोड्या वेळाने वाकून ती बघायची.

"काय गं, कोंबडीनं अंडी घातल्यात काय खाली?" अक्का म्हणायची.

अक्का म्हणजे बापूंची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहिलेली. आई गेल्यावर घर तिनेच उचललं होतं, आणि आता दिवसरात्र हॉस्पिटलात बापूंपाशी तीच होती. मी तिला रागावून म्हणायची, "अक्का, हसू नकोस. कुठून तरी घाण आत जातेय." ती म्हणायची, "जाऊ दे बाई, तू शिकलेली हैस, तुला दिसंल."

मला काही दिसलं नाही. कारण संध्याकाळी मी तिथे नसायचीच.

संध्याकाळ दादाची होती. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि दादाला आमच्या वॉर्डातून तिकीट हवं होतं. तिकीट आबासाहेबांच्या हातात. आबासाहेब लहानपणी बापूंच्या काखेतून पाण्यात पडलेले. एवढं जमून आल्यावर दादा काय सोडतो? आजारी बापाची खोली म्हणजे त्याचा दरबार झाला होता. भेटीची वेळ झाली की जिन्यात चपलांचा ढीग पडायचा. कोणी हार आणायचं, कोणी नारळ. घाटावरच्या आठवणी निघायच्या, आणि दादा प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जाताना हळूच सांगायचा, "बापूंची एकच इच्छा आहे, मी उभं राहावं."

बापू स्वतः उभे राहतील की नाही याची पंचाईत होती, आणि ह्याला उभं राहायचं होतं.

"हेमा, तू घरी जा, बापूंची पेज करून आण," दादा रोज म्हणायचा, आणि मी आनंदाने जायची. ती माणसं मला बघवत नव्हती.

मधे एकदा माझ्या साहेबांचा फोन आला. निंबाळकरांनी नळीबद्दल तक्रार केली होती. "तुमच्याच वडिलांची केस आहे म्हणे?" साहेबांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. आपली नळी खोटी आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि त्याचा दादावरच राग आला.

मग एका संध्याकाळी घरी पेज गॅसवर असतानाच सिलिंडर संपला. शेजारच्या जमादारकाकूंनी त्यांच्याकडे रटरटणारा भात घोटून डब्यात भरून दिला, आणि मी रोजच्यापेक्षा बरीच लवकर हॉस्पिटलात परतले.

खोली भरलेली होती. आबासाहेब खुर्चीत, त्यांची माणसं भिंतीला लागून, एकाच्या गळ्यात कॅमेरा. बापूंची दाढी केलेली, केस विंचरलेले, अंगात धुतलेला सदरा, आणि पोटापासून पायापर्यंत लग्नातली कशिद्याची शाल. मी डबा ठेवायला खाटेजवळ गेले आणि सवयीने खाली वाकले.

हुक रिकामा होता.

"पिशवी कुठाय?" मी अक्काच्या कानाशी विचारलं.

अक्काने डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं, आणि शालीकडे बघितलं. मी शालीवर हात ठेवला. बापूंच्या पोटाच्या कडेला, मांडीवर, ती होती. फुगलेली आणि कोमट.

"पावणं आलं की घेतो आत," अक्का कुजबुजली. "गेलं की लावतो परत."

"रोज?"

"मग? चार मानसांत तसलं लटकत ठेवायचं व्हय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

दिवसभर खाली साठलेली, जंतूंनी भरलेली लघवी ह्यांनी रोज संध्याकाळी उचलून पोटाच्या वर ठेवली होती. पिशवीच्या तोंडाशी उलट जाऊ नये म्हणून पडदा असतो, पण तो कितीसा पुरणार, आणि नळीत असलेलं तर सरळ मागेच जातं. आमचं औषध नळीच्या भिंतीवर शेवाळ धरू देत नव्हतं. पण वरून घाणीचा लोंढाच सोडला तर त्याने काय करायचं? पाणी उंचावरून खाली येतं, एवढीच गोष्ट. आणि ती आयुष्यभर पंप चालवलेल्या माणसाच्या घरात कोणाला सुचली नव्हती.

मी शाल ओढली.

आबासाहेब काहीतरी बोलत होते, ते तिथेच थांबले. पायजमा वर गुंडाळलेला, नळी, आणि गढूळ पिवळी पिशवी, सगळं सगळ्यांना दिसलं. मी पिशवी उचलली आणि खाली हुकाला लावली.

"ताप ह्यानं येतोय," मी दादाला म्हणाले. "तुझ्या दरबारानं. ही पिशवी रोज वर ठेवून तुम्ही घाण पुन्हा बापूंच्या पोटात सोडताय, आणि बोल माझ्या नळीला. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"हेमा, अक्कल आहे का तुला? कोण बसलंय बघ."

"बघितलं. त्यांच्यासाठीच बापूंचं ऑपरेशन अडलंय."

आबासाहेब घसा खाकरून उठले. "येतो बापू. आराम करा," असं भिंतीकडे बघत म्हणाले. त्यांच्यामागून सगळे गेले, आणि सगळ्यांमागून दादा धावला.

बापूंनी चाचपडत शाल वर ओढून घेतली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "हेमे," ते म्हणाले, "तू जा पुण्याला."

मला वाईट वाटलं. रडूही आलं. पण चूक केली असं तेव्हा वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

बाहेर बाकावर अक्का पदराने डोळे पुसत होती. "माझ्या मनानं न्हाई केलं गं. पयल्या दिवशी बापूंनीच सांगितलं. आबा येनार हाय, ते आत घे म्हनले. मग माझा हात पडला तसा."

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. अख्ख्या सांगलीने ज्यांना लंगोटावर पाहिलं होतं, त्यांना एका पिशवीची लाज वाटली होती.

सकाळी निंबाळकरांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "हं. करतात नातेवाईक असं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"याच खोलीतलं नाही. पण चालतं हे सगळीकडेच. सांगायचं तरी किती जणांना?"

"मला सांगायचं होतं. तिथे बसणाऱ्या बाईला सांगायचं होतं. भारीतली भारी औषधं लिहायला तुमच्याकडे वेळ आहे. 'पिशवी वर उचलू नका' एवढं म्हणायला नाही?"

"मॅडम, तुमच्या नळीच्या खोक्यातसुद्धा कागद असतो. त्यात असेल की लिहिलेलं."

होतं. बारीक अक्षरात, इंग्रजीत, आणि खोकं फोडल्या फोडल्या कचऱ्यात जाणाऱ्या कागदावर. मी पुण्याला फोन लावून साहेबांनाही त्यावरून झाडलं. त्या सकाळी माझ्या तावडीतून कोणी सुटलं नाही.

नळी पुन्हा बदलली, पिशवी नवी आली. बापू भिंतीकडेच बघत होते. मी त्यांच्या कानाशी बोलले.

"बापू, टाकी वर चढवली तर पाणी कुठं जातं?"

त्यांनी चादर खांद्यावर ओढली.

"तुम्हाला उभं राहायचंय की नाही, एवढंच सांगा. लोकांनी तुमचं काय बघायचं राहिलंय? जन्मभर लंगोटावर फिरलात घाटावर."

बापू भिंतीलाच म्हणाले, "लंगोट येगळा. लंगोट मी सोता बांधतो."

मी पिशवीच्या हुकाकडे बघत बसून राहिले.

संध्याकाळी दादा आला तो हात जोडूनच. आबासाहेबांना कसंबसं समजावलं होतं, ते पुन्हा येणार होते. "आज तेवढी तू बाहेर थांब. आणि अर्धा तास पिशवीचं काय ते... अर्ध्या तासानं काय मरत नाही कोणी."

"मी इथून हलणार नाही," मी म्हटलं, आणि स्टूल ओढून बरोबर हुकासमोर बसले. "पिशवी उचलायची तर आधी मला उचल."

जिन्यात चपला वाजल्या. अक्काचा हात सवयीने खाली गेला. मी तो अडवणार, तेवढ्यात वरून बापूंनीच तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"आवो, पावणं आलं."

"ऱ्हाऊ दे म्हनतो न्हवं?"

आबासाहेब आत आले. त्यांच्यामागे त्यांची माणसं आणि तो कॅमेरावाला. प्रत्येकाने पिशवी बघितली आणि प्रत्येकाने न बघितल्यासारखं केलं. कोणी पंख्याकडे बघत होतं, कोणी खिडकीकडे. आबासाहेब खुर्चीत टेकले आणि सलाइनच्या बाटलीची चौकशी करू लागले.

"आबा," बापू म्हणाले, "वर काय बगतोस? खाली बग. माझी लघवी हाय ती. बगून घे आनि मग बोल."

दादाने डोळे मिटले.

"तसं नाही, बापू," आबासाहेब म्हणाले.

"तुला पयल्यांदा पान्यात घेतला, तवा माझ्या गळ्याला मिठी मारून काय केलंवतंस? ध्यानात हाय न्हवं?"

आबासाहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"ह्यो मागं उभा हाय, त्यानं बी केलंय. तुझ्या भावानं बी. अख्खी सांगली माझ्या अंगावर मुतलीया आनि मग पवायला शिकलीया. मी कवा बोललो कुनाला? नदी बी बोलली न्हाई." बापूंना धाप लागली. त्यांनी थोडं थांबून श्वास घेतला. "आता माझी पाळी हाय. तर तुमी बी गप गुमान बसा की जरा."

भिंतीपाशी कोणीतरी फिसकन हसलं. मग आबासाहेबच हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि उठून त्यांनी बापूंच्या पायावर डोकं ठेवलं. कॅमेरावाला पुढे सरकला.

"काढ फोटू," बापू त्याला म्हणाले. "पर पिशवीसकट काढ."

त्यानंतर हुडहुडी भरली नाही. ताप उतरला तो उतरलाच, आणि ऑपरेशन झालं. बापू वॉकर धरून उभे राहिले, तेव्हा मी निंबाळकरांना म्हटलं, आता नळी काढा.

"राहू दे की दोन दिवस. तुमची औषधाची नळी आहे, काही होत नाही."

तिथे मात्र माझं डोकंच फिरलं. ज्या नळीची ह्यांनी तक्रार केली होती, तिच्याच भरवशावर आता ती विनाकारण ठेवायला निघाले होते. औषध मुरवलेली म्हणून काय ती दागिना आहे, अंगावर राहू द्यायला? गरज संपली की पहिल्यांदा ती बाहेर. मी समोर उभी राहून काढायला लावली, आणि बापू अक्काच्या खांद्याला धरून, शिव्या देत, स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत गेले.

दादाला तिकीट मिळालं. प्रचाराचं पत्रक छापून आलं, तेव्हा मी पुन्हा सांगलीला आले होते. बापू ओसरीवर खुर्चीत बसलेले, काठी मांडीला टेकलेली. पत्रकावर तोच फोटो होता. बापू खाटेवर, आबासाहेबांचं डोकं त्यांच्या पायावर, बाजूला हात जोडलेला दादा. वर लिहिलं होतं, 'संस्कारांचा वारसा'. आणि खाली, गादीच्या कडेला बरोबर लागून, फोटो कापलेला होता. पिशवी नव्हती. हुकही नव्हता.

"ही कुठं गेली?" बापूंनी विचारलं.

"छापखान्यात बसत नव्हतं, बापू," दादा म्हणाला. "आणि बरं दिसत नाही ते."

माझं डोकं पुन्हा फिरलं. मी तोंड उघडणार होते, पण बापूंनी माझ्यापुढे हात केला. "हेमे, पेन दे."

त्यांनी पत्रक मांडीवर घेतलं. फोटोच्या खाली कोऱ्या जागेत खाट पुरी केली, तिला दोन पाय काढले. एक हुक काढला, एक वळणावळणाची नळी, आणि हुकाला एक पिशवी. पत्रक लांब धरून नीट बघितलं. मग 'लई वर झाली' म्हणत ती पिशवी गिरगटून टाकली आणि तिच्याहून आणखी खाली दुसरी काढली.